मोबाईलमधली सही : सोय घ्यावी, हात सोडू नये

बियाणे, खते, कीड-रोग आणि बाजारभाव यांविषयी आपण या पानांवर नेहमीच वाचता. आज एका वेगळ्या अवजाराविषयी लिहावयाचे आहे. हे अवजार म्हणजे आपल्या खिशातील मोबाईल आणि त्याच्या पलीकडे असलेला शासनाचा, बँकेचा व बाजाराचा संगणक. नांगर-वखराप्रमाणे तेही आता जवळजवळ प्रत्येक कास्तकाराच्या घरात आले आहे. त्यामुळे तालुक्याच्या खेपा कमी झाल्या, कागद लवकर मिळू लागले, पैसा थेट खात्यात येऊ लागला. हे सर्व खरे आहे. परंतु फवारणी पंप घरात आला तेव्हा तो वापरताना घ्यावयाची काळजीही शिकावी लागली होती. मोबाईलचेही तसेच आहे. त्याची काळजी मात्र बाटलीवर छापलेली नसते.

राजुऱ्याचा जुना अनुभव

आपला राजुरा तालुका पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. निजामाच्या काळात सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. आपल्या भागातील शेतकरी मराठी, गोंडी किंवा तेलुगू बोलणारा. जमीन त्याची, घाम त्याचा, पण त्या जमिनीच्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. वाचणारा प्रामाणिक असला तर ठीक. नसला तर अंगठा कशावर उमटला हे पुढे वाद निघाल्यावरच कळे.

नंतर कागद मराठीत आले. गावात शाळा झाली. सातबारा हाती घेऊन आपले नाव, गट नंबर, क्षेत्र आणि बोजा स्वतः वाचता येऊ लागला. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पेरले, हे शेतकऱ्याला समजू लागले. ही मोठी मिळकत होती.

आता पुन्हा विचार करण्याची वेळ आली आहे. सातबारा मराठीतच आहे, पण तो पडद्यावर आहे. पडद्यापर्यंत पोचण्यासाठी परवलीचा शब्द लागतो, ओटीपी लागतो, अंगठा लागतो. ज्याला हे जमत नाही तो पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. उर्दू कागदाच्या जागी पडदा आला, एवढाच फरक होऊ नये यासाठी हा लेख आहे.

कोणती कामे मोबाईलवर गेली

गेल्या काही वर्षांत शेतीशी संबंधित पुढील कामे संगणकावर आली आहेत.

१) डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाईन मिळतो. त्यासाठी १५ रुपये शुल्क आहे.

२) पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी यासाठी ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढून ही नोंद करावयाची असते.

३) पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. त्यासाठी ई-केवायसी, म्हणजे ओटीपी, अंगठा किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविणे आवश्यक आहे.

४) अ‍ॅग्रिस्टॅक योजनेतील शेतकरी ओळख क्रमांक आपल्या राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाला.

५) सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' या अ‍ॅपवर नोंदणी करून विक्रीचा दिवस आधी ठरवून घ्यावा लागला.

या यादीवरून एक गोष्ट ध्यानात येईल. पूर्वी मोबाईल फक्त बोलण्यासाठी होता. आता पीक नोंदले की नाही, अनुदान आले की नाही, कापूस हमीभावाने गेला की नाही, हे त्याच्यावर ठरते. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीनसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले. तेव्हाही आधी विचारणा झाली ती ई-पीक पाहणीतील नोंदीची. पेरले होते, पण नोंदले नव्हते, अशांची धावपळ झाली.

माझ्या घरचे उदाहरण

इतरांना सल्ला देण्यापूर्वी स्वतःची चूक सांगतो. गेल्या हंगामात बाबांच्या कापसाची नोंदणी मी केली. बाबांकडे साधा बटनांचा मोबाईल आहे, म्हणून अर्जात मी माझाच क्रमांक टाकला. त्यात काही वावगे आहे असे मला तेव्हा वाटले नाही. मी शिकविण्याच्या नोकरीसाठी बाहेरगावी राहतो. विक्रीचा दिवस ठरल्याचा संदेश आला तेव्हा मी परीक्षेच्या कामात होतो आणि मोबाईल बंद करून पिशवीत ठेवलेला होता. संदेश नीट वाचेपर्यंत तो दिवस निघून गेला होता. घरी कापूस भरून ठेवलेला, वेचणीची मजुरी चुकती करावयाची, आणि निरोप मात्र माझ्या पिशवीत. पुन्हा दिवस मिळेपर्यंत थांबणे बाबांना शक्य नव्हते. त्यांनी कापूस खासगी व्यापाऱ्याला दिला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. बाबांना त्याहून बराच कमी दर पडला.

मी घरी गेलो तेव्हा बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "वावर माझं, कापूस माझा, अन् निरोप तुझ्या खिशात."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. कृषी पदवीधर मुलगा, चांगला मोबाईल, अ‍ॅप व्यवस्थित चालणारे, कोणाची लबाडी नाही. तरी नुकसान झाले. कारण बाबांच्या मालाची चावी बाबांकडे राहिली नव्हती. लबाडी नसताना असे होते, तर लबाडी असताना काय होईल याचा आपणच विचार करावा.

ओटीपी आणि अंगठा म्हणजे काय

पुष्कळ शेतकऱ्यांना ओटीपी म्हणजे अ‍ॅप उघडण्याचा आकडा एवढेच वाटते. "आकडा आला का? सांगा," असे समोरचा म्हणतो आणि आपण सांगतो. खरे तर ओटीपी ही तुमची सही आहे. कोऱ्या कागदावर सही करून तो कोणाला द्याल का? ओटीपी कशासाठी आला आहे हे त्याच संदेशात लिहिलेले असते. तो पूर्ण वाचल्याशिवाय आकडा सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणेच होय.

अंगठ्याचेही तेच. आधारला जोडलेल्या बँक खात्यातून अंगठा लावून पैसे काढता येतात. गावात बँक नसेल तेथे ही सोय फार उपयोगी आहे. पण अंगठा एकाच कामासाठी लावला आहे ना, हे पाहावे. "उमटला नाही, पुन्हा लावा," असे सांगितल्यास पहिल्या वेळी व्यवहार झाला की नाही हे आधी विचारावे, पावती मागावी आणि नंतर पासबुकात नोंद करून घ्यावी. ज्यांना अंगठ्याचा व्यवहार वारंवार लागत नाही त्यांनी आधारच्या संकेतस्थळावरून किंवा अ‍ॅपवरून आपली बायोमेट्रिक माहिती बंद करून ठेवावी. गरज पडेल तेव्हा ती पुन्हा उघडता येते.

माणूस समोर नसताना केवळ ऑनलाईन अर्जावर विसंबले तर काय होते, याचे उदाहरण राजुऱ्यातच घडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजुरा विधानसभा मतदारसंघात नवीन मतदार नोंदणीसाठी आलेल्या ऑनलाईन अर्जांपैकी ६,८०० हून अधिक अर्ज पडताळणीत अयोग्य ठरले. कोणी दिलेल्या पत्त्यावर राहत नव्हते, कोणी अस्तित्वातच नव्हते, कोठे पुरावे जोडलेले नव्हते. हे अर्ज फेटाळण्यात आले आणि राजुरा पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदविण्यात आला. यातील राजकारणाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. शेतकऱ्याने घ्यावयाचा धडा असा की, संगणक अर्ज घेतो, पण अर्जामागे खरा माणूस आहे की नाही हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागते. पत्ता, नाव आणि फोटो मिळाला की कोणीही अर्ज भरू शकतो. म्हणून आपली कागदपत्रे कोठे जातात याकडे लक्ष असावे.

घरात कोण मागे राहते

नवीन अवजार आले की त्याचा लाभ घरातील सर्वांना सारखा होत नाही. मोबाईलबाबत पुढील मंडळी मागे राहताना दिसतात.

वडीलधारी माणसे : सातबारा त्यांच्या नावे, पण क्रमांक मुलाचा किंवा नातवाचा. घरात वाद झाला, मुलगा परगावी गेला, किंवा त्याने सिम बदलले तर वडिलांचा हप्ता व निरोप दोन्ही अडकतात. बंद पडलेला क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते, हेही लक्षात ठेवावे. आपला ओटीपी मग अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतो.

घरातील स्त्रिया : निंदण, वेचणी आणि बियाण्याची निवड यांत बाईचा हात मोठा, पण उताऱ्यावर तिचे नाव क्वचितच असते. संगणक उताऱ्यावरचे नाव पाहतो, वावरातले हात पाहत नाही. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. तिचा लाभ घ्यावा. ज्या भगिनींच्या नावे जमीन आहे त्यांच्या अर्जात त्यांचाच क्रमांक द्यावा.

झिजलेल्या बोटांचे कष्टकरी : वर्षानुवर्षे विळा धरून आणि कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र मग "जुळत नाही" असे दाखविते. यात त्या माणसाचा दोष नाही. त्याने परत फिरू नये. पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये २०२३ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे. ओटीपीचाही मार्ग आहे. तो मागावा.

रेंज नसलेली गावे : राजुऱ्याहून जिवतीच्या पहाडाकडे चढू लागले की अनेक ठिकाणी मोबाईल मुका होतो. अशा गावांतील शेतकऱ्यांनी ई-पीक पाहणीची माहिती व फोटो वावरात भरून ठेवावेत आणि रेंजच्या जागी येऊन ते पाठवावेत. पाठविल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. वनहक्काच्या जमिनी कसणाऱ्यांनी व संयुक्त खातेदारांनी आपली नोंद कशी होते हे हंगामाच्या सुरुवातीलाच पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, प्रत्यक्ष विचारून घ्यावे.

वारणेचा धडा

संगणक शेतकऱ्याच्या दारी नेण्याचा प्रयोग आपल्या राज्याला नवा नाही. कोल्हापूर-सांगली भागात वारणा सहकारी समूहाच्या सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये संगणक केंद्रे सुरू झाली. त्या काळी त्यांच्याकडून बाजारभाव, पीकसल्ला, शिक्षण अशा पुष्कळ अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर गेला तो मुख्यतः आपल्या उसाचा हिशेब पाहण्यासाठी : किती टन गेला, किती खत उचलले, किती पैसे निघाले. पुढे हेच काम साध्या मोबाईलवरील संदेशांनी करून पाहण्यात आले आणि ते जमलेही.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. शेतकऱ्याला भारी यंत्रापेक्षा स्वतःचा हिशेब स्वतः पाहता येणे अधिक मोलाचे वाटते. आणि त्यासाठी महाग मोबाईल असलाच पाहिजे असे नाही; साध्या मोबाईलवर आलेला संदेश वाचता आला तरी पुष्कळ काम होते. आम्ही घरी हेच केले. बाबांच्या बटनांच्या मोबाईलचा क्रमांक बँकेत व आधारला जोडला. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. आलेला संदेश ती मोठ्याने वाचते आणि कामाचा असेल तर वहीत उतरवून ठेवते. अर्ज आजही मीच भरतो, पण "हो" म्हणणारा आकडा बाबांकडे येतो. आकडा सांगण्यापूर्वी कशासाठी हे ते विचारतात. मला उत्तर द्यावे लागते, आणि ते योग्यच आहे.

केंद्रचालक आणि शिकलेल्या तरुणांची जबाबदारी

सर्वांनाच सर्व अ‍ॅप चालविता येतील असे नाही. ट्रॅक्टर सर्वांना कोठे चालविता येतो? आपण तो भाड्याने लावतो, चालक दुसरा असतो. पण तास कोठून घ्यावयाचे हे धुऱ्यावर उभा असलेला मालक सांगतो. सेवा केंद्राच्या चालकाचे आणि गावातील शिकलेल्या मुलाचे स्थान त्या ट्रॅक्टर चालकासारखे आहे. त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली, अर्जात शेतकऱ्याचाच क्रमांक टाकावा. सोयीसाठी स्वतःचा क्रमांक टाकू नये. दुसरी, अर्ज पाठविण्यापूर्वी पडद्यावरील मजकूर शेतकऱ्याला वाचून दाखवावा : नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, खाते क्रमांक. तिसरी, काम झाल्यावर आधार, सातबारा व पासबुकाचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये ठेवू नयेत आणि ते गटावर टाकून पाठवू नयेत. यादीतील नावे गावाच्या गटावर टाकताना आधार क्रमांक व खाते क्रमांक झाकावेत.

ही केवळ सभ्यतेची बाब नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगून संमती घ्यावी, हे त्यामागील तत्त्व आहे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आला. ज्या गरीब माणसाच्या नावाने ही व्यवस्था सुरू झाली, त्यालाच तिची भीती वाटू नये, हे पाहणे आपल्या सर्वांचे काम आहे.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

१) घरातील प्रत्येक खातेदाराचा कोणता मोबाईल क्रमांक आधार, बँक, पीएम किसान व शेतकरी ओळख क्रमांकाला जोडला आहे, ते एका वहीत लिहावे. जुना किंवा दुसऱ्याचा क्रमांक असल्यास तो प्रथम बदलावा.

२) ओटीपीचा संदेश पूर्ण वाचावा किंवा घरातील विश्वासू माणसाकडून वाचून घ्यावा. काम समजल्याशिवाय आकडा सांगू नये. दूरध्वनीवरून मागणाऱ्यास तो कधीही सांगू नये.

३) परवलीचे आकडे आणि एटीएमचा पिन त्या वहीत लिहू नये.

४) ई-पीक पाहणी केल्यावर त्याच दिवशी पीक, क्षेत्र व गट नंबर बरोबर आहेत का ते तपासावे. दुरुस्तीची मुदत थोडी असते.

५) सेवा केंद्रावर दरफलक पाहावा, पावती घ्यावी आणि अर्ज क्रमांक लिहून आणावा.

६) 'पीएम किसान', 'पीक विमा', 'कर्जमाफी' अशा नावांच्या एपीके फाईली व्हॉट्सअ‍ॅपवर आल्यास उघडू नयेत. त्यातून मोबाईलमधील संदेश परक्याच्या हाती जातात व खाते रिकामे होऊ शकते. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअर किंवा शासकीय संकेतस्थळावरूनच घ्यावे.

७) फसवणूक झाल्याचे लक्षात येताच लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि बँकेला सांगावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबविण्याची शक्यता अधिक.

८) शेतीविषयक प्रश्नासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे कोणीही ओटीपी मागत नाही.

९) पावसाळ्यापूर्वी एक संध्याकाळ गावातील चार शिकलेल्या मुला-मुलींनी चावडीवर किंवा समाजमंदिरात बसावे आणि म्हाताऱ्या-एकट्या खातेदारांचे क्रमांक तपासून द्यावेत. एवढ्या कामाने हंगामातील पुष्कळ धावपळ वाचेल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मोबाईल टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. उर्दूचा कागद वाचणारा माणूस शोधत फिरणाऱ्या आपल्या आजोबांना घरबसल्या सातबारा मिळाला असता, तर त्यांना आनंदच झाला असता. पण त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता : यात काय लिहिले आहे ते मला कळते का, आणि अंगठा माझ्या मर्जीने उमटतो का? या दोन प्रश्नांचे उत्तर "होय" असेल तेव्हाच पुढचे बटन दाबावे. पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण तपासतो. या वर्षी त्याच दिवशी घरातील मोबाईल क्रमांकही तपासून घ्यावेत.